गुडघा

काबालेच्या वरच्या अंगाला, जिथं शेतं पायऱ्या-पायऱ्यांनी
तळ्यात उतरतात, तिथल्या दूध-केंद्रावर
मी पहाटे सहापासून बसते.
सायकलींवरून कॅन येतात, धुकं पांघरून.
मी काचेची नळी दुधात सोडते.
दूध सकस असेल तर ती मान वर काढून तरंगते,
पाणी घातलं असेल तर बुडते.
अठ्ठावीसच्या खाली गेलं की दूध परत.
मी बोलत काही नाही. आकडा दाखवते,
आणि समोरचा माणूस डोंगराकडे बघू लागतो.
एकवीस वर्षं झाली.
लोकांचं पाणी जोखणं हा माझा धंदा.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही तुर्याहिकायोंच्या घरी जमतो,
बारा-चौदा जण आणि एक सौरदिवा,
तोही ढगाळ दिवशी लवकर मालवणारा.
एकेक जण उठतो, आपलं पाप सांगतो.
ही रीत माझ्या आईच्याही आधीची.

माझं पाप ठरलेलं आहे.
ज्वारीची दारू. आंबवायची, विकायची, उरलेली प्यायची,
आणि ती एक रात्र, तान्हं पोर चुलीपाशी विसरलेलं.
कुठं थांबायचं, कुठं आवाज बसू द्यायचा,
सगळं पाठ आहे मला.
त्या पोराला आता स्वतःची तीन पोरं आहेत.
तरी लोक गहिवरतात, कुणीतरी गाणं धरतं,
आणि मी खाली बसते,
हलकी, इस्त्रीच्या कपड्यासारखी,
या आठवड्याचा एकही डाग न दाखवता.

त्या गुरुवारी माझ्या आधी एसेझा कातुशाबे उठली.
ऐंशीच्या पुढची, दात मोजके.
म्हणाली, “कोबुसिंग्येला मी म्हटलं होतं,
तुझ्या गुडघ्यासाठी रोज प्रार्थना करीन.
एक दिवस केली नाही.
काल फाटकापाशी विचारलं, गुडघा कसा आहे?
ती म्हणाली, बरा आहे.
मी म्हटलं, देवाची स्तुती असो.
जसं काही मीच रात्रभर जागले होते.”

आणि बसली.

गाणं कुणी धरलं नाही.
एवढ्याशा पापाला लावायची चालच नव्हती आमच्याकडे.
बाहेर शेळी खोकली.
सगळे माझ्याकडे बघत होते, गुडघ्याकडे खरं तर.

माझं पाठ केलेलं तोंडाशी आलं होतं.
ज्वारी. चूल. ती रात्र.
उठायला गेले आणि कळ आली, जांघेपर्यंत.
“गुडघा बरा नाही,” मी म्हणाले.
“एक दिवसही बरा नव्हता.
इतक्या जणांनी प्रार्थना केल्यावर
दुखतो म्हणायची लाज वाटली.”

एसेझा आधी हसली, तोंडावर हात घेऊन,
मग तिच्याबरोबर मी, मग दोघी-चौघी.
तुर्याहिकायोंची बायको चहा ओतता ओतता
माझ्यासमोर स्टूल सरकवून गेली, पाय ठेवायला.
एसेझानं तिथंच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.
तिचा हात थंड होता, कांद्याचा वास येत होता.
शब्द तिला फार सुचले नाहीत.
“प्रभू, हा बघ,” एवढंच म्हणाली.

कॅनचं सांगायचं राहिलं.
राहिलं नाही, मी ठेवलं.
ज्यांच्या घरी आम्ही उजेडात चालायला जमतो
त्या तुर्याहिकायोंचं दूध गेले चार महिने चोवीस भरतं,
आणि माझ्या वहीत अठ्ठावीस.
न्द्यानाबोचं मात्र मी सव्वीसला परत पाठवलं,
त्याला चार पोरं असून.
रात्री अंथरुणावर आठवत राहिलं:
आकडा ज्याला आधीच ठाऊक आहे
त्याच्यासमोर मी झाकण दाबून उभी.

शुक्रवारी पहिला कॅन त्यांचाच.
नळी सोडली. ती बुडत गेली.
ते टोपी काढून उभे होते, मायेनं विचारत होते,
“गुडघा कसा आहे, बहिणी?”
“दुखतो,” मी म्हटलं.
वही उघडी होती, पेन हातात.
आकडा अजून लिहायचा होता.